चौदा किलो शिसं

हॅलो?… हो, आईच. या घरात दुसरं कोण उचलणार?… बोल, इंगुन. बटाटे उकडायला ठेवलेत, मासा अजून बर्फातून सुटायचाय. मला काही घाई नाही.

टाकी?… हवेची? तुझी स्वतःची?… अगं, पण पाणबुड्यांच्या क्लबच्या आहेत की… हो, हो… कळलं, बरं. कुठली घेतेस?… पंधरा लिटरची? वेडी का तू? एवढीशी तू, ती पाठीवर घेऊन फ्योर्डच्या खडकांवरून उतरणार कशी?… कोण म्हणतो?… क्लबातला तो उंच? त्या उंटाला म्हणावं, तू घाल पंधराची.

बाराची घे. बुटकी, जाड. लांब असली की ढुंगणाला लागत राहते… हसू नकोस, लागते. आणि झडप दोन तोंडांची घे. फेब्रुवारीत एक तोंड गोठलं, तर दुसऱ्यातून हवा येते… मला कसं ठाऊक? अठरा वर्षं पाणबुड्याशी संसार केलाय मी. तुझा बाबा झोपेतसुद्धा हेच बडबडायचा.

स्टीलचीच, हो. थंड पाण्यात स्टीलच बरी… अगं ऐक ना. खाली बुडायला कमरेच्या पट्ट्यावर शिसं किती लावतेस?… आत्ता, क्लबच्या अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीबरोबर?… अकरा किलो. आणि स्टीलबरोबर किती लावशील?… तेवढंच?

इंगुन.

नाही, आहे. शेगडी बंद केली.

मधे बोलू नकोस, आधी ऐक. अ‍ॅल्युमिनियमची रिकामी होत आली की वर यायला बघते, म्हणून तिला शिसं जास्त लागतं. स्टीलची रिकामी झाली तरी बुडतेच. तीन किलो काढायचं. किती?… पुन्हा सांग… तीन. आणि आधी किनाऱ्याशी, उथळात तरंगून बघायचं.

ओरडत नाहीये मी… बरं, ओरडतेय.

बाबाच्या हृदयाला काही झालं नव्हतं.

नव्हतं म्हणतेय ना… तू नऊ वर्षांची होतीस. मी म्हटलं हृदय बंद पडलं, मग तेच चालू राहिलं. त्याच्याबरोबर उतरलेल्या आइलिफकाकालाही मीच तसं बोलायला लावलं… नाही, तू थांब. आता थांबले तर मी पुन्हा कधी सांगणार नाही.

त्या दिवशी पाठीवर होती ती त्याची पहिली स्टीलची टाकी. चाळिसाव्या वाढदिवसाला मीच दिलेली. आणि पट्टा मी भरायचे, दर शनिवारी सकाळी, याच टेबलावर. बाबा कॉफी पीत बसायचा आणि मी किलोकिलोच्या वड्या पट्ट्यात ओवायचे. चौदा. त्या दिवशीही चौदाच ओवल्या. सवयीने… नाही, त्याने नाही मोजल्या. माझ्या हातचं होतं ना, मोजेल कशाला.

उभ्या कड्यालगत खाली गेला तो, जास्तीच्या तीन किलोंनी ओढतच नेला, वर येता आलं नाही. वर काढला तेव्हा टाकीत निम्मी हवा होती गं. निम्मी.

हॅलो?… आहेस ना?

रड. रड बाई… मला बोल काय बोलायचं ते. सोळा वर्षं झाली, कुणीतरी बोलेल म्हणून वाट बघतेय.

काय?… नाही. मी नाही… अगं, त्या दिवसापासून शिशाला हात लावलेला नाही मी. क्लबात एवढी माणसं आहेत, त्यांच्याकडून पट्टा भरून घे ना… पण माझ्याच हातचा का?…

हं…

हं.

ये, शनिवारी ये. पट्टा रिकामा आण… आठ किलो. अकरा नाही, आठ. कॉफी नंतर प्यायची. आधी माझ्यासमोर बसायचं आणि एकेक वडी मोठ्याने मोजायची… हो, मीही मोजेन.

आणि आठ झाल्या की माझा हात धर, इंगुन. सवयीने पुढे जाईल तो… घट्ट धर.

ठेवते.