आजाराविना तिसरा मजला

(चाकणमधली तीन मजली इमारत. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधला जिना. दसऱ्याची दुपार.)

दुर्गाबाई : म्या तवाच म्हनलं व्हतं तुला, मृदुला. बक्षीस लावलं की मानसं बरी न्हाई व्हायची, गपगार व्हतील.

मृदुला : आणि मी म्हटलं होतं, मावशी, तुम्हाला नव्या गोष्टीत आधी खोटच दिसते. आठवतंय मला. हळू बोला, शार्दूल आत्ताच झोपलाय.

दुर्गाबाई : कान दुखायचा थांबला व्हय त्याचा?

मृदुला : श्श! कान नाही दुखत त्याचा. निदान संध्याकाळपर्यंत तरी नाही.

दुर्गाबाई : घ्या. लेकरानं रडायचं बी तुमच्या सोयीनं.

हिंदुराव : काय खलबतं चाललीत? दुर्गाबाई, तुम्ही दुसऱ्या मजल्याच्या. निकालाआधी दुसऱ्यांच्या मजल्यावर डोकवायचं नाही, ठरलंय आपलं.

दुर्गाबाई : पायरीवर बसलीया नुसती.

हिंदुराव : बसा, बसा. गुडघे दुखतात म्हणून बसला असाल तर तसं सांगा, लगेच फळ्यावर लिहितो.

दुर्गाबाई : आमचा मजला कवाच बाद केलाय तुमी. आता काय लिवताय.

हिंदुराव : मी नाही हो, तुमच्या त्या डेंग्यूनं केला. अहो, वर्षानुवर्षं आपण घरटी वर्गणी काढायचो आणि आजारी पडेल त्याला द्यायचो. झालं काय? शिंक आली की निघाला दवाखान्यात! मी म्हटलं, उलटं करा. जो मजला दसऱ्यापर्यंत दवाखान्याची पायरी चढणार नाही, सगळी रक्कम त्याची. आमच्या कंपनीच्या गेटवर असाच फळा होता, 'अपघाताविना दिवस'. एक अपघात झाला की आकडा शून्यावर. बक्षीस लावलं आणि अपघात बंद!

दुर्गाबाई : बंद न्हाई झालं. माझ्या लेकानं, ज्योतीरामनं, तितंच तुटलेलं बोट रुमालात गुंडाळून डब्याच्या पिशवीतनं घरी आनलं. फळा शून्यावर जाईल म्हनून.

हिंदुराव : पण गेला नाही ना शून्यावर? ह्याला म्हणतात शिस्त. आणि बोट तरी कुठलं, करंगळी. करंगळीचं असं काय काम असतं माणसाला?

दुर्गाबाई : ढोलकी वाजवायचा.

हिंदुराव : असो. मी तर सरकारलाच कळवणार आहे. गावोगावी फळा लावा. ठणठणीत गावाला डांबरी रस्ता, आजारी गावाला दंड. आणि दवाखाने ओस पडले की तिथं मंगल कार्यालयं काढा. हसता काय मृदुलाताई, पार्किंग आयतं आहे!

मृदुला : हसू आलं खरं, काका.

हिंदुराव : हसा, आज तुमच्याच मजल्याचा दिवस. संध्याकाळी हार, पेढे, माइक, सगळं सांगितलंय. नारळ सावित्रीबाईंच्या हातून वाढवू. बिल्डिंगमध्ये सगळ्यांत वयस्कर, एकटी बाई, आणि वर्षात एकदाही दवाखाना नाही! मध्ये खोकत होत्या म्हणे?

मृदुला : छे, छे. फोडणीचा ठसका.

हिंदुराव : आज तर तोही नाही. बक्षीस जवळ आलं की शरीरसुद्धा ऐकतं बघा. चला, माइकवाला आला वाटतं खाली.

दुर्गाबाई : गेला येकदाचा. आता मला खरं सांग. सावित्रीचा खोकला कुटं गेला?

मृदुला : तुम्हाला खाली ऐकू यायचा?

दुर्गाबाई : मला तुझा मिक्सर ऐकू यायचा. रोज येवढी चटनी खातं कोन तुमच्यात?

मृदुला : आजी खोकायला लागल्या की लावायचे. त्यांनीच सांगितलं होतं. म्हणाल्या, शार्दूलच्या कानाचं ऑपरेशन होऊ दे त्या पैशांत, मी दसऱ्यापर्यंत कळ काढते. परवा उशीत तोंड खुपसून खोकत होत्या. तरी जिन्यात आवाज येत होता. मग मी त्यांना आमची उशी नेऊन दिली. जाड होती जरा.

दुर्गाबाई : जाड उशी दिलीस.

मृदुला : उद्या सकाळी नेणारच होते हो दोघांना! रिक्षा सांगून ठेवलीय. एका दिवसाचा तर प्रश्न होता.

दुर्गाबाई : आनि आज?

मृदुला : आज सकाळपासून मिक्सर लावावाच लागला नाही.

दुर्गाबाई : अगं, मग दार वाजवायचं!

मृदुला : दोनदा जाऊन उभी राहिले. हात उचलला पण. वाजवलं आणि त्या आतून कण्हल्या, तर दवाखान्यात न्यावंच लागेल. म्हणजे आमचा मजला बाद, आणि शार्दूल आणखी वर्षभर तसाच. आता तर त्याला डाव्या कानानं हाकही ऐकू येत नाही. आणि वाजवलं आणि आतून काहीच आलं नाही, तर...

दुर्गाबाई : तर मेलेलं मानूस आजारात धरत्यात का, ते इचार जा त्या हिंदुरावाला.

मृदुला : विचारलं. सकाळीच. गमतीत विचारल्यासारखं. म्हणाले, झोपेत गेलं तर ते नैसर्गिक, फळ्यावर येत नाही.

दुर्गाबाई : आनि मग तू घरात येऊन बसलीस.

मृदुला : शार्दूलला भरवायचं होतं.

दुर्गाबाई : सर. वाटेतनं सर, मला उठू दे.

मृदुला : दार नुसतं लोटलेलं असतं, मावशी. त्या कडी लावत नाहीत, रात्री काही झालं तर मला येता यावं म्हणून. तुम्ही दुसऱ्या मजल्याच्या, तुमचं काही जाणार नाही आता. एकदा जाऊन बघून या ना त्यांना.

दुर्गाबाई : आनि तू?

मृदुला : मी घरातच आहे, मिक्सरपाशी. खोकल्या, तर हाक मारा.