नानांच्या गाडीचा लाल रंग

प्लास्टिकच्या मॉडेल गाड्या जोडायचा माझा नाद तुम्हाला माहीतच आहे. त्यांचे खास रंग काही धुळ्यात मिळत नाहीत, म्हणून मी खऱ्या गाड्यांचाच स्प्रे वापरतो. परवा लाल घेऊन आलो, तर फाटकातच शेजारचे नाना भेटले. त्यांच्या लाल गाडीला नेमका त्याच आठवड्यात कुणीतरी ओरखडा मारला होता.

नाना डबा न्याहाळत म्हणाले, "मन्ही गाडीना रंग तुना हातमा कसा?"

"नाना, छोट्या मॉडेलला मारायचाय."

"या वयमा खेळणं? चाल, दखाड."

आले आणि अंगणात खुर्ची टाकून पोलिसासारखे बसले. मी लाल रंगाचे पातळ हात दिले. तो वाळेपर्यंत माणूस हलला नाही. मग चमक यावी म्हणून वरून क्लिअर कोट घेतला आणि लांबून भुरभुर मारायला लागलो.

"हाई काय अत्तर शे का?" म्हणत नानांनी डबा हिसकावला आणि जवळून धो धो मारला.

बघता बघता रंगाला सुरकुत्या पडल्या, टप मऊ होऊन खाली बसला. मी ओरडलो, "अहो नाना, जाड मारलं की प्लास्टिक खातं ते!"

नानांनी गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आते समजनं! मन्ही गाडीवर हाईच माराना इचार व्हता तुना!"

तेव्हापासून त्यांच्या गाडीवर कव्हर असतं. आणि लिंबू-मिरची पुढे नाही, माझ्या घराकडच्या आरशाला टांगलीय.