डाग कोणाचे धरायचे?

मला एक सांगा, माणसानं विश्वास ठेवावा तर कोणावर? पोटच्या पोरावर? शोरूममधल्या टायवाल्यावर? मी दोघांवरही ठेवला, म्हणून आज माझाच माल वाहायला मीच विकलेली पिकअप भाड्यानं बोलावतो. बसा, चहा येतोय, उभ्यानं ऐकायची गोष्ट नाही ही.

तुम्हाला सांगतो, आमचा धंदा केळीचा. रावेरच्या आसपासच्या मळ्यांत घड कापायचे, पिकअपमध्ये भरायचे आणि रस्त्यावर उभ्या ट्रकपर्यंत आणायचे. आमची जुनी पिकअप पांढरी, म्हणजे कधीकाळी पांढरी. केळीचा चीक म्हणजे काय चीज आहे, कपडा फाटेल पण डाग जाणार नाही. हौदा सगळा काळा-तपकिरी, एक दार दोरीनं बांधलेलं, पण चिखलात कधी रुतली नाही, आणि मजुरानं खांद्यावरचा घड नुसता आत सरकवायचा, की झालं.

आणि आमचे चिरंजीव योगराज. लग्नाचं वय झालेलं, स्थळं यायची, चहा पिऊन जायची. याच्या डोक्यात कोणी भरवलं कोण जाणे, म्हणतो, "बाबा, दारात हे असं डबडं उभं, कोण मुलगी देणार?" नेलं मला जळगावला. तिथला टायवाला म्हणतो, "काका, ही गाडी नाही, पर्सनॅलिटी आहे." म्हटलं, पर्सनॅलिटीत घड किती मावतात? तो नुसता हसला, आणि योगराज म्हणतो, "बाबा, मावायचं सोडा. दिसते कशी, ते बघा."

दिसते कशी... काळी कुळकुळीत, चार दारं, चढायला पायरी, तोंडावर चकचकीत जाळी. आणि मागचा हौदा? पाळण्याएवढा, तोही मजुराच्या छातीइतका उंच. पहिल्याच दिवशी घड भरले, तर आतला गुळगुळीत पत्रा असा, की पहिल्या वळणाला सगळे घड या टोकाहून त्या टोकाला. घासलेली केळी काळी पडते, ती घेतो कोण? मी डोक्याला हात लावला, तर चिरंजीव फडकं घेऊन चीक पुसतायत. दुसऱ्या दिवशी हौद्यावर झाकण बसलं, कुलपासकट. केळीच्या घरात केळीला बंदी.

जुनी गाडी तोवर आमच्याच गल्लीतल्या गिरधरला विकलेली. गेलो त्याच्याकडे. तो हात जोडून म्हणतो, "नाना, गाडी तुमचीच आहे. भाडं तेवढं माझं."

आता ऐका पुढचं. शिरपूरहून तोतारामभाऊ आले, कापसाचे व्यापारी, मुलगी मोहिनी सोबत. योगराजनं पहाटेच गाडी धुतलेली. तोतारामभाऊ घरात शिरायच्या आधी गाडीमागं गेले, झाकण उघडायला लावलं, आत हात फिरवला, बोटं बघितली. म्हणाले, "नाना, गाडी तं भारी शे. पन चीकना एक डाग नही. धंदा बंद करी टाका का?"

म्हटलं, नाही हो, धंदा जोरात आहे, माल दुसऱ्या गाडीत जातो. तेवढ्यात दारावरून तीच गेली, दोरीच्या दाराची, आमच्या केळीनं भरलेली, आणि स्टिअरिंगवर गिरधरचा पोरगा ईश्वर. तोतारामभाऊ बघतच राहिले.

तिकडे मुलगी पोराला विचारते, "मळ्यात कशात जाता?"

"याच्यातच."

"चिखल दिसत नाही कुठं."

"मी धुतो ना. रोज."

"रोज धुता, मग मळ्यात कधी जाता?"

शहाणा म्हणतो, "पण दिसते कशी, ते बघा." तिनं बघितली. चहा अर्धा ठेवून उठली.

आमची बायको सुमनबाई मला म्हणते, "पोराची पसंती व्हायची होती, तुम्ही गाडीची केली."

तुम्हाला सांगतो, पाहुणे परत शिरपूरला गेलेच नाहीत. गल्लीच्या टोकाला गिरधरच्या दारात थांबले. त्याच पिकअपच्या काळ्या हौद्यावर तोतारामभाऊंनी हात फिरवला म्हणे, आणि म्हणाले, "हाई घर कामनं शे." अहो, तो चीक माझ्या केळीचा, त्या हौद्यात माझी उमर गेली, आणि कामाचं घर गिरधरचं?

जमलं ईश्वरचं. वाईट नाही पोरगा, माझाच माल वाहून वाहून वळण लागलंय. लग्नाच्या आदल्या दिवशी गिरधर दारात. "नाना, वरातीला तेवढी काळी द्या. आमची त्या कामाची नाही." दिली. काय करतो? फुलं लावून नवरा-नवरी मागं बसले, आणि गाडी कोणी चालवली? योगराजनं, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही ना तो. फोटो आलाय मोबाईलवर. आता मीच सगळ्यांना दाखवतो, दिसते कशी, ते बघा.

राग नाही माझा कोणावर. एवढंच मागणं आहे, तुम्ही गावात चार लोकांत बसता, हिशेब तेवढा प्रामाणिकपणे ठेवा. त्या पिकअपवरचे जुने डाग माझ्या नावावर लिहा. नवे... नवेही माझ्याच केळीचे, पण त्यांचं भाडं मी मोजलंय, ते गिरधरचे धरा.