ओला चोथा

अजून कानात आहे तो आवाज. लहानपणी आईच्या कोंबड्यांच्या घशातून घर्र घर्र निघायचा, अन् पाहता पाहता आमचं खुराडं रिकामं झालं होतं. परवा तोच आवाज आमच्या सुमनच्या खुराड्यातून आला. सूनबाईनं पिल्लांपासून वाढवलेल्या कोंबड्या त्या. मी तसाच खुराड्याकडे गेलो.

माझा पोरगा, सुमनचा नवरा, हिंगोलीला कॉफीच्या दुकानात कामाला आहे. तिथला उरलेला चोथा पोत्यातून आणून त्यानं भुशाऐवजी कोंबड्यांखाली पसरला होता. मी हात घातला, तर चोथा ओला अन् वर पांढरी बुरशी.

"सुमन, समद्या बाहेर काढ."

पोरगा हसला. "आबा, काहून घाबरून राहिले? मोबाईलवर लोक हेच करतात."

"त्यांनी वाळवून घातला असंल, बाबा."

सुमननं तांबडी कोंबडी उचलली. ती चोच वासून श्वास ओढत होती.

"मामा, वाचंल का न्हाई?"

"वारा लागू दे. बघू."

"ओल्यात बसून कोणी मरत न्हाई," पोरगा म्हणाला.

सुमननं कोंबडी माझ्या मांडीवर दिली. टोपलंभर चोथा घेऊन घरात गेली अन् तिनं तो नवऱ्याच्या गादीवर नीट पसरला. मग बाहेर येऊन कोंबडी माझ्याकडून परत घेतली, अन् त्याच्या समोरून निघून गेली.