तांबडी शाळेला

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या गावचे सर्वांत वडीलधारे अक्साकल दोरोनबेक, व्यासपीठावर बसलेले जिल्हा शिक्षण खात्याचे पाहुणे, उद्यापासून माझी मुख्याध्यापिकेची खुर्ची सांभाळणारी बेरमेत, माझे सहकारी, नदीच्या पलीकडच्या तीरावरून आलेली मंडळी आणि मागच्या बाकांवर बसून तळलेल्या बोरसोकच्या ताटांकडे डोळे लावलेल्या माझ्या मुलांनो,

तुम्ही आज माझ्या खांद्यांवर मखमली चापान घातलात आणि बाहेर अंगणात माझ्यासाठी घोडी बांधलीत. आपल्याकडे माणसाला याहून मोठा मान नाही. चापान मला जरा मोठा होतोय, पण ते शिंप्याचं चुकलं नसावं, वयाने मीच आक्रसलेय. आणि घोडीवर या गुडघ्यांनी मी चढणार कशी, हा प्रश्न तुम्हाला पडला नाही, यातच तुमचं प्रेम दिसतं.

निरोपाच्या भाषणात माणसाने स्वतःच्या कामाचा पाढा वाचायचा असतो म्हणे. मी तो वाचणार नाही. मला आज एका मृत्युपत्राबद्दल बोलायचंय. पाहुण्यांनी दचकू नये, मी ठणठणीत आहे.

गोष्ट जुनी आहे. सामुदायिक शेती मोडली, शाळेची बस बंद पडली आणि नदीवरचा लाकडी पूल एका पुरात वाहून गेला, त्या दिवसांतली. मी तेव्हा नुकतीच मुख्याध्यापिका झाले होते. पलीकडच्या तीरावरची मुलं चौथीपर्यंत कशीबशी यायची आणि मग घरी बसायची. थंडीत पाण्यातून पोरांना कोण धाडणार? आईबापांना तरी काय म्हणायचं?

पलीकडे ओमुर्झाक बैके, आम्हा सगळ्यांचे दादा, राहायचे. मेंढपाळ माणूस, बोलायला महाकंजूष. त्यांच्याकडे एक तांबडी घोडी होती. सकाळी ते नातवाला तिच्यावर बसवून नदी ओलांडायचे, आणि नातवाच्या मागेपुढे शेजारची पोरं चढायची. मग पुन्हा पलीकडे जाऊन उरलेली आणायचे. शाळेच्या फाटकाजवळ तो सपाट दगड आहे ना, ज्यावर बसून तुम्ही सूर्यफुलाच्या बिया खाता आणि टरफलं तिथेच टाकता, तो पोरांना घोडीवर चढता यावं म्हणून ओमुर्झाक बैकेंनी आणून ठेवला होता. तांबडी रोज त्याला अंग लावून आडवी उभी राहायची.

एका शरद ऋतूत बैके आजारी पडले. शेवटच्या दिवशी त्यांनी दोन साक्षीदार बोलावले. त्यातले एक आपले अध्यक्ष. बैके म्हणाले, "तांबडी शाळेला." आणि डोळे मिटले. एवढंच मृत्युपत्र.

आता मला सांगा, मरणाऱ्याने घोडा दिला तर आपल्याकडे त्याचा अर्थ काय होतो? बाहेरच्या पाहुण्यांसाठी सांगते, आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या घोड्यावर कोणी बसत नाही, आणि चाळिसाव्या दिवशी तो कापून गावाला जेवू घालतात. म्हणजे मग तो माणूस त्या जगात घोड्यावर बसून जातो. त्यामुळे कुणाला क्षणभरही शंका आली नाही. ओमुर्झाकने चाळिसाव्याचं जेवण शाळेला दिलं, पोरांना मांस मिळणार, देवमाणूस होता, असं सगळं गाव म्हणालं. मीही म्हणाले. शाळेच्या स्वयंपाकघरात त्या दिवसांत मटणाचा वास आलेला कुणाला आठवत नव्हता.

चाळिसाव्याला तांबडीला शाळेच्या अंगणात आणलं. मोठी कढई चुलीवर चढली, सुरीला धार लागली, मंडळींनी दुवेसाठी हात पसरले. दोर दोरोनबेक अक्साकलांच्या हातात होता. अध्यक्षसाहेब, खरं ना? मान हलवताय, म्हणजे जागे आहात. बरं झालं, पुढे तुमचं काम आहे.

तेवढ्यात शाळा सुटल्याची घंटा झाली. तांबडीने कान टवकारले, अक्साकलांना दोरासकट ओढत फाटकापर्यंत नेलं, आणि त्या दगडाला अंग लावून आडवी उभी राहिली.

पलीकडच्या तीरावरची पोरं बाहेर आली. बिचारी इतके दिवस पाण्यातून चालत येत होती, घोडी पाहून त्यांचे चेहरे उजळले. दुसरीतली एक शेंबडी मुलगी दगडावर चढली, दगडावरून घोडीवर गेली, तिच्यामागे आणखी दोघं बसली. आणि ती मुलगी सुरी घेतलेल्या मंडळींच्या देखत अक्साकलांना म्हणाली, "आजोबा, दोर सोडा ना. आम्हाला उशीर होतोय."

ती शेंबडी मुलगी आज माझ्या शेजारी बसली आहे. बेरमेत, लाजू नकोस, आता नाक स्वच्छ आहे.

मग बैकेंच्या पत्नी साइकाल आपा पुढे आल्या. त्या म्हणाल्या, "माझा माणूस उगाच शब्द खर्च करणारा नव्हता. तो शाळेला म्हणाला. कढईला म्हणाला नाही."

अक्साकल म्हणाले, "वहिनी, पटतंय मला. पण चाळिसाव्याला घोडा कापला नाही तर लोक काय म्हणतील?" आणि ते बैकेंच्या मुलाकडे, एसेनगुलकडे वळले. "काय रे, बापाला पायी धाडणार का?"

मंडळी, हा प्रश्न साधा नव्हता. एसेनगुलकडे दुसरा घोडा नव्हता, आणि बापाला पायी धाडलेल्या मुलाकडे आपलं गाव कोणत्या नजरेने बघतं, ते तुम्ही जाणता. तरी एसेनगुलने अक्साकलांच्या हातातून दोर घेतला आणि माझ्याकडे येऊन म्हणाला, "एजेय," बाईंना आपल्याकडे म्हणतात तसं, "घोडी आता शाळेची. तुमची परवानगी असेल तर नेतो. पोरांना घरी जायचंय." आणि तांबडीला धरून तो नदीत उतरला.

त्या दिवशी त्याने मेंढी कापली. निम्मे पाहुणे जेवले, निम्मे पाव आणि चहावर उठले. नावं मात्र सगळ्यांनी मिळून ठेवली. लग्नात, बाजारात, कुमिस पिण्याच्या बैठकीत, कुणीतरी हटकून विचारायचं, "काय एसेनगुल, तुझा बाप पोचला का रे, की अजून चालतोय?" त्याने कधी उलट उत्तर दिलं नाही. पुढे पूल होईपर्यंत तांबडीने, आणि मग तिच्या शिंगरांनी, पलीकडची पोरं शाळेत आणली. त्यातली कोण काय झाली ते सांगत बसत नाही, निम्मी या सभागृहात आहेत. एसेनगुलची माफी मात्र हसणाऱ्यांतल्या एकानेही मागितलेली मी ऐकली नाही. हे मला इतकी वर्षं सलत होतं, आज मोकळेपणाने सांगते.

आता माझं मृत्युपत्र. जिल्ह्याच्या गावी जाऊन त्याचा कागद रीतसर केला आहे, पण आपल्या गावात कागदाला कोण विचारतो? म्हणून चारचौघांत सांगते. शाळेच्या भिंतीला लागून माझं घर आहे. माझ्यामागे ते शाळेला. वरच्या कुरणांत हिवाळा काढणाऱ्या मेंढपाळांची मुलं इथे नातेवाइकांच्या दारात पडून राहतात आणि कंटाळून शाळा सोडतात, त्यांनी तिथे राहावं. शेगडी चांगली आहे, फक्त धुराडं दरवर्षी झाडावं लागतं. माझ्या लेकीला विचारलं. ती म्हणाली, "आई, घर खुशाल दे, पण जर्दाळूच्या मुरंब्याच्या बरण्या माझ्या." तेव्हा बरण्या वगळून. आणि अर्थाचा घोळ नको म्हणून स्पष्ट सांगते, घर म्हणजे राहायला. विकायला नाही, आणि अधिकाऱ्यांच्या मेजवान्यांना तर नाहीच.

अंगणातली घोडी, मी ओळखलंय, तांबडीच्याच वंशातली आहे. ती आजपासून शाळेची. चाळिसाव्याला माझ्यासाठी तिला किंवा दुसऱ्या कुठल्याही घोड्याला कापायचं नाही. मला पायीच धाडा. ओमुर्झाक बैके पुढे गेलेत, पण ते सावकाश चालणारे, मी त्यांना गाठीन. मग या गावात ज्याला हसायचं असेल त्याने आपल्या एजेयला हसावं.

याला दोन साक्षीदार लागतात. एक, दोरोनबेक अक्साकल. अध्यक्षसाहेब, मान हलवा. हलवली, सगळ्यांनी पाहिलं. डोळे नंतर पुसा. दुसरा साक्षीदार मला एसेनगुल हवा. उभा राहा, बाबा. तुम्हीही सगळे त्याच्यासाठी उभे राहिलात, हे बरं केलंत. फार बरं वाटलं मला.

तुम्ही इतकी वर्षं मला सांभाळलंत, माझा आवाज आणि माझी छडी दोन्ही सहन केलीत, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. वर्गात कुणाला लागेलसं बोलले असेन, आज कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, किंवा नको त्याचं घेतलं गेलं असेल, तर म्हातारीचं बोलणं म्हणून पोटात घाला.

आणि एसेनगुल, उभाच आहेस तर बाहेर जाऊन घोडीचा दोर धर. मागच्या बाकांवरची चुळबुळ मला इथून दिसतेय. पोरांना घरी जायचंय.