डबलसीटचा विमा

नाही, पण मला एक सांगा, जो माणूस अजून एकदाही पडलेला नाही, त्याने पडण्याचे पैसे आधीच का भरायचे? आणि तेही किती, तर मोटरसायकलच्या किमतीपेक्षा जास्त! म्हणजे उद्या चोर आला आणि त्याला थोडी जरी अक्कल असली, तर तो गाडी तिथेच ठेवून विम्याचा कागद नेईल. आणि तुम्हाला सांगतो, गाडी अजून जागची हललेली नव्हती!

झालं असं. माझा धंदा कुलपांचा. खाली दुकान, वर घर, त्यामुळे कामावर जायचं म्हणजे जिना उतरायचा. आता जिना उतरायला कुणी लायसन्स काढतं का? पण लोक दार ओढून घेतात, किल्ली आत राहते, मग फोन येतो, ‘लवकर या हो, गॅसवर दूध आहे!’ आणि मला पळावं लागतं. कसा पळणार? तर आमच्या हिच्या मागे बसून. आमची ही नर्स. घरोघरी जाऊन इंजेक्शनं देते, पट्ट्या बदलते, सव्वीस वर्षं स्वतःची गाडी चालवते, आणि सव्वीस वर्षं मी मागे, मांडीवर हत्यारांची पिशवी. रस्ता कसा दिसतो म्हणाल, तर मला तो हिच्या डाव्या खांद्यासारखा दिसतो. गल्लीत मला नावच पडलंय, डबलसीट. ‘कुलूप अडकलंय, डबलसीटला बोलाव!’

बरं, तेही चालेल, पण ही पांढऱ्या कोटात पुढे, मी मागे, असे आम्ही कुणाच्या दारात उतरलो की शेजारीपाजारी बाहेर... ‘काय झालं? कोण आजारी? फार सिरियस आहे का?’ अहो, कुलूप आजारी आहे! एकदा तर मी दारापाशी गुडघे टेकून किल्लीच्या भोकाला डोळा लावलाय, आणि मागे एक आजी पदराने डोळे पुसतायत.

मग मी ठरवलं. बावन्नाव्या वर्षी का होईना, एकदा, फक्त एकदा, मला कुणाच्या तरी दारात स्वतः हँडल धरून पोचायचंय. हसू नका. फार वाटत होतं हो मनातून. क्लास लावला, परीक्षेत दोनदा पाय टेकला, तिसऱ्या वेळी परीक्षकच कंटाळला, लायसन्स मिळालं. एका रिटायर्ड पोस्टमनची जुनी मोटरसायकल घेतली, जिन्याखाली उभी केली, पुसली, परत पुसली, आणि विम्यासाठी फोन लावला.

तिकडून एक मुलगी, आवाज नुसता साखरेत घोळलेला... ‘सर, आपला अनुभव किती वर्षांचा?’ म्हटलं, सव्वीस. ‘वा, सर!’ म्हटलं, मागच्या सीटचा.  मग तिकडे कॉम्प्युटरवर टकटक. ‘सर, तो मी शून्य धरते.’ शून्य! अहो, पुढच्याला खड्डा नुसता दिसतो, बसतो तो मागच्याला! म्हटलं, बरं, पण बाई, मला आजवर एकही अपघात झालेला नाही. ‘सर, त्याची सूट आहे, पण विमा असताना अपघात झालेला नसायला हवा.’ आता हे नीट ऐका हं. विमा काढला आणि अपघात झाला नाही, तर सूट. विमा न काढता झाला नाही, तर तो वाया गेला. म्हणजे इतकी वर्षं मी फुकटच जपून राहिलो की! टकटक, हप्त्याचा आकडा वर. आणि गाडी अजून जागची हललेली नव्हती!

‘सर, रात्री गाडी कुठे असते?’ जिन्याखाली. ‘कुलूप कुठलं आहे?’ आता कुलपाचा विषय कुणी काढला? मी काढला? तिनंच काढला! म्हटलं, तुमच्या कंपनीने मान्य केलेल्या यादीतलंच आहे, जाड साखळीचं. ‘छान, सर!’ आकडा खाली यायला लागला होता हो... इथे गप्प बसायचं होतं. पण धंद्याचं इमान आडवं आलं. म्हटलं, बाई, खरं सांगू का, या कुलपात काही दम नाही, हे मी चहा गार व्हायच्या आत उघडतो. टकटक थांबली. ‘किल्लीने, सर?’ छे, किल्लीने काय, कुणीही उघडेल! ‘आणि सर, असं उघडता येणारी व्यक्ती गाडीच्या जवळपास राहते का?’ म्हटलं, वरच्याच मजल्यावर.

मग जी काय टकटक सुरू झाली... ‘सर, चोरीची जोखीम वाढवावी लागेल.’ अहो, चोर कोण? मी! चोरणार काय? माझीच गाडी! आणि ती मी चोरीन म्हणून पैसे भरायचे कुणी? तेही मीच!

मेहुणा सोफ्यावर पडून सगळं ऐकत होता. म्हणाला, ‘भाऊजी, तुम्हाला खरं बोलायला सांगितलं कुणी?’ फोन माझ्या हातातून घेतला आणि एवढंच विचारलं, ‘ताईचं नाव घातलं तर?’ झालं! सव्वीस वर्षं अनुभव, एकही अपघात नाही, आणि तोही सगळा विमा असताना न झालेला! आकडा धाडकन अर्ध्याच्याही खाली. अट एकच, नवशिक्याने चालवायची तर पहिलं वर्षभर अनुभवी चालक गाडीवर सोबत पाहिजे. मी खुर्चीतून उठलोच. म्हणजे मी पुढे आणि ही मागे? म्हटलं, भर पैसे, आत्ताच्या आत्ता भर!

दुसऱ्याच दिवशी फोन. बाई बाहेर, किल्ली आत, गॅसवर दूध. मी पुढे बसलो, ही मागे, माझी पिशवी हिच्या मांडीवर, आणि तुम्हाला सांगतो... गाडी जागची हलली! केवढा रुंद असतो हो रस्ता! मला कल्पनाच नव्हती. मागून आपलं सुरू, ‘अहो, ब्रेक... अहो, कुत्रं... अहो, ते कुत्रं नाहीये, माणूस आहे!’ औषधाच्या दुकानापाशी म्हणाली, ‘थांबा.’ थांबलो. उतरली. चेहरा पांढराफटक. आख्ख्या गावाला सुया टोचणारी बाई, माझी पिशवी छातीशी घट्ट धरून उभी. ‘अहो, मला नाही जमत मागे बसायला. काही दिसतच नाही मागून. तुम्ही इतकी वर्षं कसे बसलात हो?’

आता काय सांगू? सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. मला भरूनच आलं. म्हटलं, त्यात काय एवढं, डोळे मिटायचे आणि सगळं तुझ्यावर सोडायचं.

 मग डोळे पुसले, पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, ‘हो ना? मग सरका मागे. दूध उतू जाईल.’

सरकलो. पोचलो. शेजारीण धावत बाहेर आली, ‘कोण आजारी?’

तर आता असं आहे... विमा भरलेला आहे, गाडीला काही दुखणं नाही, रोज झकास पळते. गाडी जागची हलली हो. मीच तेवढा हललेलो नाही.