एक कागद मागितला, त्याची गोष्ट

अहो, काळं म्हणजे तरी किती काळं असावं! पानामागून पान उलटतोय, वरती तारीख, खाली पानाचा आकडा आणि मधे सगळ्या ओळी काळ्याकुट्ट पट्टीनं बुजवलेल्या, कुठंतरी एखादा 'परंतु' तेवढा चुकून जिवंत राहिलेला... आता नुसत्या 'परंतु'वर माणसानं काय समजायचं? तुम्हाला सांगतो, मी मागितला काय होता? एक कागद! नगराध्यक्षाची खुर्ची नव्हे, एक कागद!

झालं असं, की डोंगराच्या पार टोकाला, आमच्या दारासमोर, नगरपालिकेच्या छोट्या बसचा शेवटचा थांबा. त्या बसनं आमची शिझू, म्हणजे आमचं कुटुंब, खाली गरम पाण्याच्या कुंडावर गुडघे शेकायला जाते. गेली की येताना तरातरा चालते, नाही गेली की भिंत धरून हिंडते. आणि एक दिवस बातमी आली, बैठकीत म्हणे हा थांबा बंद करायचं निघालंय! लगेच नागोयाहून मुलाचा फोन, "बाबा, बास झालं आता, इकडं या, आठव्या मजल्यावर." आठव्या मजल्यावर! तिथं खोड्या कुणाच्या काढू, कबुतरांच्या? पण शिझू आपली एकेक वाडगा वर्तमानपत्रात गुंडाळायला लागली... तेव्हा मात्र मी जोडे चढवले.

गेलो नगरपालिकेत. खिडकीशी मोमोसेबाई, तरुण पोर, वाकली की तिचा फक्त भांग दिसतो. भांगातूनच म्हणाली, "उएमोरी-सान, त्यावर विचार चालू आहे." आता आमच्याकडं साहेबलोक 'विचार चालू आहे' म्हणाले म्हणजे विचार कधीच संपलाय, तुम्ही घरी जा, हे शेंबड्या पोरालाही कळतं! मी म्हटलं, "बाई, बैठकीत कोण काय बोललं ते टिपण दाखवा." तर म्हणते, "अवश्य! गावातल्या कुणालाही मागता येतं. अर्ज भरा." भरला. 'कारण, लिहायचं असल्यास' असा एक रकाना होता, तिथं लिहिलं, 'नाक खुपसायची हौस'. तिनं ते गंभीरपणे वाचलं आणि शिक्का मारला! मग पत्र आलं, अजून थोडा वेळ लागेल. मग आणखी एक पत्र, विलंबाबद्दल माफी. आणि मग आलं हे काजळ!

उन्हात धरून बघितलं, न्हाणीच्या वाफेवर धरलं, शिझूच्या भिंगाखाली घातलं... काही नाही. काळं करून वर त्याची झेरॉक्स काढतात लेकाचे, पाठीमागून डोकवायचीसुद्धा सोय नाही! मी मागितला काय होता? एक कागद!

मग म्हटलं, थांबा. दुसऱ्या दिवशी डब्यात भात भरला, वर या कडेपासून त्या कडेपर्यंत नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्रशेवाळाचा, काळा पापुद्रा पसरला, तो डबा आणि ते पान खिडकीत शेजारी शेजारी ठेवलं. "मोमोसेबाई, ओळखा पाहू, यातलं तुमचं टिपण कुठलं?" ती वाकून बघते आणि शांतपणे म्हणते, "ज्याला सोयाचा वास येत नाहीये ते." कचेरीतली सगळी डोकी संगणकांच्या पडद्यांमागं खाली गेली, नुसते खांदे हलताना दिसत होते, आणि साहेबांना खोकल्याची उबळ आली! अहो, हे लोकच आपसांत त्या काळ्या कागदांना 'नोरीचा डबा' म्हणतात, मला काय ठाऊक नाही?

मी म्हटलं, "या पट्टीखाली काय आहे?"

"एका नागरिकाचं नाव आणि त्याच्याबद्दलचा मजकूर. खाजगी."

"कोण आहे तो मेला? त्याच्यापायी थांबा जातोय?"

तर ती लालेलाल. इकडंतिकडं बघून हळूच म्हणते, "त्या माणसाला स्वतःला ते मागता येतं. त्याचा अर्ज वेगळा असतो. उएमोरी-सान... तुम्ही भरून बघता का?"

"मी कशाला भरू?"

तिनं नुसता तो दुसरा अर्ज माझ्यापुढं सरकवला. तुम्हाला सांगतो, मी शाळा अर्ध्यात सोडलेला माणूस, डोक्यात उजेड पडायला वेळ लागतो... "अगं, म्हणजे हे माझं नाव? माझ्यापासूनच लपवलंय?"

"पहिल्या अर्जावर जे द्यायचं, ते गावातल्या कुणालाही देता येईल असंच द्यावं लागतं. मागणारा कोण, हे आम्ही बघायचंच नसतं."

"अगं पण मी समोर उभा आहे!"

"हो. ओळखपत्र आणलंय?"

आणि तिथं मला माझीच एक खोडी आठवली. थंडीत मी थांब्याच्या बाकावर एक बुजगावणं बसवलं होतं, माझी टोपी घालून. बसवाला रोज थांबायचा, दार उघडायचा, "चढा आजोबा, सावकाश," म्हणायचा! काय हसलो होतो मी... आता वाटलं, लिहिलं असेल, उएमोरी तोकुजी थांब्याची चेष्टा करतो, सबब थांबा रद्द. माझी गंमत आणि शिझूचे गुडघे! घरी तिला तोंड दाखववेना. मी मागितला काय होता हो... नसता मागितला तर बरं झालं असतं!

शेवटी मी मीच आहे हे सिद्ध झालं आणि उघडं पान हातात आलं. लिहिलं होतं, 'सदर थांबा बंद केल्यास नागरिक उएमोरी तोकुजी हे रोज कार्यालयात येण्याची दाट शक्यता आहे. बस नसल्यास पायी येतील. कर्मचाऱ्यांच्या मनःस्वास्थ्यासाठी थांबा कायम ठेवावा. सर्वानुमते मंजूर.'

सर्वानुमते! अहो, तिथंच बाकावर बसलो. मोमोसेबाईनं चहा आणून दिला. घरी येऊन शिझूला वाचून दाखवलं, तर ती गुंडाळलेले वाडगे सोडता सोडता डोळे पुसून हसायला लागली, आणि हसता हसता एकदम थांबून म्हणते कशी, "अहो, म्हणजे तुम्ही निवळलात की आपला थांबा गेला!"

आता बोला! या वयात जरा शहाण्यासारखं वागावं असं कधीमधी मनात येत होतं माझ्या, खरंच येत होतं... पण नाही. सरकारदरबारी नोंद आहे, आता सुधारायची सोय उरली नाही.